कोल्ड फ्यूजनच्या दोन्ही पंगतींना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

कोल्ड फ्यूजन म्हणजे खोलीच्या तापमानाला अणूंची केंद्रकं एकत्र येऊन उष्णता मिळते, हा दावा. पत्र एकच आहे, पण वाचणारे दोन पंगतींत बसलेले आहेत हे मला ठाऊक आहे: दावा मानणारे उत्साही आणि न मानणारे संशयी. एका पंगतीची खात्री आहे की वाढपी निघालाच आहे, पानं मांडा, मीठ वाढा. दुसरी पंगत म्हणते, अहो, आत चूलच पेटलेली नाही, उठा आता. गंमत अशी की ही दुसरी पंगतही उठून घरी जात नाही. वर्षानुवर्षं तिथेच बसून पहिलीला 'उठा' म्हणते आहे. मी दोन्हीकडे बसून आलोय, म्हणजे दोन्हीकडे उपाशी राहिलोय. एवढ्याच अधिकारावर हे लिहितोय.

माझी ओळख थोडक्यात. एका सहकारी साखर कारखान्याच्या बॉयलर हाउसमध्ये एकतीस गळीत हंगाम काढले आणि निवृत्त झालो. अणुविज्ञानातलं मला इतकंच कळतं जितकं आवडीने वाचणाऱ्याला कळतं. वाफेतलं मात्र कळतं. आणि गेल्या पंधरा वर्षांतली तुमची बरीच भांडणं मुळात वाफेची आहेत. केंद्रकांवर रात्र रात्र वाद झाले. वाफेबद्दल कुणी एखाद्या बॉयलर अटेंडंटला विचारलं असतं तर त्यातले निम्मे चहा निवायच्या आत मिटले असते.

आधी 1989. त्या वर्षी 23 मार्चला अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीमध्ये, युटा विद्यापीठात, मार्टिन फ्लाइशमन आणि स्टॅन्ली पॉन्स या दोन रसायनशास्त्रज्ञांनी पत्रकार परिषद घेतली. काचेच्या भांड्यात जड पाणी (ज्यात साध्या हायड्रोजनच्या जागी त्याचं जड रूप, ड्युटेरियम, असतं), त्यात पॅलेडियमची कांडी, भोवती प्लॅटिनमची तार. वीज सोडली की आत घातलेल्या विजेच्या हिशोबात न बसणारी उष्णता बाहेर येते, ती रासायनिक क्रियेतून येण्याइतकी थोडी नाही, तेव्हा ती ड्युटेरियमच्या केंद्रकांच्या मीलनातूनच येत असणार, असं त्यांचं म्हणणं. निबंध छापून यायचा होता, बातमी आधी आली. आमच्याकडे हंगाम उतरणीला लागलेला, आणि वर्तमानपत्रातला तो तुकडा कापून मी कंट्रोल रूमच्या पॅनेलवर चिकटवला होता. दिवसरात्र बगॅसचे, म्हणजे उसाच्या चोथ्याचे, ढीग भट्टीत लोटणाऱ्या माणसाला एका बोटभर कांडीत भट्टी मावते म्हटल्यावर काय वाटलं असेल, याची कल्पना करा. तो कागद पुढचा हंगाम संपेपर्यंत तिथेच होता. नंतर कुणीतरी त्यावर गेज ग्लासच्या वॉशरचा हिशोब लिहिला.

आपल्याकडे त्याचा धागा थेट ट्रॉम्बेला जातो, हे नव्या मंडळींना बऱ्याचदा माहीत नसतं. भाभा अणुसंशोधन केंद्राचे तेव्हाचे संचालक पी. के. अय्यंगार यांनी काही आठवड्यांत अनेक गट कामाला लावले. जड पाणी हाताळणं, ट्रिटियम (हायड्रोजनचं आणखी जड, किरणोत्सारी रूप) मोजणं, न्यूट्रॉन मोजणं ही तिथली रोजची कामं. अमेरिकेतल्या कित्येक रसायनशाळांना यातलं काहीच जमण्यासारखं नव्हतं. वर्षअखेर त्यांचा 'बार्क-1500' हा अहवाल निघाला. न्यूट्रॉन दिसले, ट्रिटियमही दिसलं. पण नेहमीच्या नियमाप्रमाणे दोन ड्युटेरियम एकत्र आले की साधारण निम्म्या वेळा न्यूट्रॉन सुटतो आणि निम्म्या वेळा ट्रिटियम होतं. दोघांची संख्या जवळपास सारखी यायला हवी. ट्रॉम्बेत ट्रिटियम न्यूट्रॉनांच्या लाखो पटींनी जास्त निघालं.

इथे दोन्ही पंगती बघा कशा वागल्या. संशयी म्हणाले, जिथे जड पाण्याचा रोज राबता आहे तिथे ट्रिटियम इकडून तिकडे लागणारच, तो डाग आहे. उत्साही म्हणाले, जिथे ट्रिटियमचा रोज राबता आहे तिथल्या लोकांना डाग आणि दाणा यातला फरक कळणार नाही तर कुणाला कळणार? दोन्ही म्हणण्यांत दम आहे. पण तीस-पस्तीस वर्षांत दोन्ही म्हणणी एका दमात उच्चारणारा माणूस मला तुमच्यात भेटला नाही. अय्यंगार स्वतः पुढे अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले, ट्रॉम्बेतलं काम नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला विरत गेलं, आणि तरी या संशोधनाला पुन्हा चालना द्या असं ते शेवटपर्यंत सांगत राहिले. या विषयावरची सोळावी आंतरराष्ट्रीय परिषद फेब्रुवारी 2011 मध्ये चेन्नईला भरली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ते गेले.

न्यूट्रॉनचा मुद्दा आलाच आहे तर तो उत्साही मंडळींनी एकदा नीट गिळावा. नेहमीच्या मार्गाने फ्यूजन होऊन फक्त 1 वॅट उष्णता मिळवायची म्हटली तरी सेकंदाला साधारण एक लाख कोटी न्यूट्रॉन सुटायला हवेत. 1 वॅट म्हणजे काय, तर देवघरातला छोटा बल्ब. तेवढ्यावर भांड्याशेजारी बसलेल्या संशोधकाची धडगत नसती. युटातले दोघे धडधाकट होते, हाच त्यांच्या विरोधातला सर्वांत मोठा पुरावा, असं तेव्हा गमतीने म्हटलं जाई. म्हणून 'हे कोल्ड फ्यूजन आहे' म्हणणाऱ्याला दोन चमत्कार लागतात: एक, केंद्रकं खोलीच्या तापमानाला जवळ यायला हवीत, दुसरा, जवळ आल्यावर त्यांनी न्यूट्रॉन न सोडता गुपचूप नुसती उष्णता द्यायला हवी. दोन चमत्कार मागणाऱ्याने मोजमाप तरी चोख ठेवावं, इतकीच माझी अपेक्षा.

मोजमाप चोख ठेवणारे लोक होते, बरं का. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकच्या गटाने एप्रिल 1989 मध्ये न्यूट्रॉन सापडल्याचं जाहीर केलं आणि काही दिवसांतच ते मागे घेतलं, कारण त्यांचं न्यूट्रॉन मोजायचं उपकरणच उष्णतेने चळत होतं. त्याच्याही आधी, 1926 साली, बर्लिनमध्ये पानेथ आणि पीटर्स यांनी पॅलेडियममध्ये हायड्रोजनचं हेलियम होतं असं जाहीर केलं होतं; पुढच्याच वर्षी, ते हेलियम उपकरणाच्या काचेतून आलं असावं, असं त्यांनी स्वतः छापलं. या सगळ्या कहाणीत मला सर्वांत जवळचे वाटतात ते हे लोक. त्यांचे फोटो कुणी लावत नाही.

आता वाफ.

जानेवारी 2011 मध्ये इटलीत बोलोन्याला आंद्रेआ रोसी यांनी, सर्जियो फोकार्दी या प्राध्यापकांना सोबत घेऊन, 'ई-कॅट' नावाचं यंत्र दाखवलं. निकेलची भुकटी, हायड्रोजन, बाहेरून थोडी वीज. एका टोकाने पाणी आत जातं, दुसऱ्या टोकाने वाफ बाहेर येते. हिशोब असा मांडला गेला: इतकं पाणी आत गेलं, त्या सगळ्याची वाफ झाली, म्हणून सुमारे 12 किलोवॅट उष्णता निघाली. विजेचा खर्च त्याच्या किती तरी खाली. मीही हरखलो. आठवडाभर झोप नाही. बायकोने विचारलं, काय झालंय? म्हटलं, बगॅस संपला. ती म्हणाली, कारखान्यातून फोन आलाय का?

मग एका सकाळी आंघोळीचं पाणी तापताना डोक्यात आलं: 'सगळ्याची वाफ झाली' हे कुणी ठरवलं?

मंडळी, 1 किलो पाणी नळाच्या तापमानापासून उकळीपर्यंत न्यायला साधारण 355 किलोज्यूल लागतात. त्याच उकळत्या 1 किलो पाण्याची वाफ करायला आणखी 2257 किलोज्यूल. म्हणजे खरी उष्णता उकळण्यात जात नाही, उडण्यात जाते. पाणी नुसतं उकळीला येऊन नळीतून वाफेबरोबर थेंबाथेंबाने, गुळण्या टाकत बाहेर पडलं आणि तुम्ही समजलात सगळ्याची कोरडी वाफ झाली, तर तुमचा आकडा खऱ्याच्या सातपट येतो. 12 किलोवॅटचे पावणेदोन राहतात. कुणीही लबाडी केलेली नसताना.

बॉयलर हाउसमध्ये याला कॅरीओव्हर म्हणतात आणि त्याची सर्वांना धास्ती असते. एका हंगामात ड्रमची पातळी वर राहिली आणि वाफेबरोबर पाणी निघालं. फ्लो मीटरवर सगळं आबादीआबाद. तिकडे टर्बाइन ठोकायला लागलं आणि मिल धापा टाकायला लागली. मीटर म्हणतो वाफ भरपूर, मिल म्हणते जीव नाही. अशा वेळी आम्ही मिलवर विश्वास ठेवतो. वाफ किती कोरडी आहे हे बघायला थ्रॉटलिंग कॅलरीमीटर नावाची साधी गोष्ट असते, ती शंभर वर्षांहून जुनी आहे. बोलोन्यात मात्र वाफेचा कोरडेपणा ठरवायला हवेतली आर्द्रता मोजायचा प्रोब वापरला गेला. हे वाचलं तेव्हा मी हसलो नाही, मला वाईट वाटलं. इतक्या विद्वान माणसांच्या खोलीत वाफेचं काम केलेला एकही माणूस नसावा?

याहून बारीक गोम पुढे आहे. वाफेत पाणी किती, हे वजनाने सांगायचं की आकारमानाने? 1 लिटर पाण्याची 100 अंशांना जवळजवळ 1670 लिटर वाफ होते. म्हणून वजनाच्या हिशोबात फक्त 1 टक्का पाणी उडालं आणि 99 टक्के तसंच राहिलं, तरी नळीतली 94 टक्के जागा वाफेनेच भरलेली असते. आकारमानाच्या हिशोबाने तुम्ही छातीठोकपणे म्हणू शकता की वाफेत पाणी फार तर 6 टक्के आहे. खरं बोललात आणि हिशोब मात्र सातपटीने चुकला. त्या वर्षी या एका वाक्यावर तुम्ही महिनोन् महिने भांडलात, आणि निम्म्या भांडणात दोन्ही बाजू वेगवेगळ्या टक्क्यांबद्दल बोलत होत्या.

उत्साही मंडळी इथे म्हणतील, फेब्रुवारीत वाफ न करता नुसतं पाणी तापवून 18 तासांची चाचणी झाली होती की. झाली, असं सांगण्यात आलं. तिचे सविस्तर आकडे प्रसिद्ध झाले नाहीत. आणि मला न सुटलेलं कोडं हे: वाफेचा घोळच नसलेली पद्धत हातात असताना मार्चमध्ये स्वीडनचे प्राध्यापक बघायला आले तेव्हा पुन्हा वाफच का? हातच्या कांकणाला आरसा कशाला लागतो?

2014 मध्ये तोच प्रकार, फक्त पाण्याऐवजी प्रकाश. स्वित्झर्लंडमध्ये लुगानोला रोसींच्याच यंत्राची 32 दिवस चाचणी चालली. या वेळी पाणीच नव्हतं. अल्युमिनाची तापलेली नळी उष्णता-कॅमेऱ्याने बघायची, तापमानावरून किती उष्णता बाहेर पडते ते काढायचं. अहवाल ऑक्टोबरात आला: घातलेल्या विजेच्या तिपटीहून अधिक. पण अशा कॅमेऱ्याला पृष्ठभागाची उत्सर्जकता, म्हणजे तो तापल्यावर किती सहज उष्णता बाहेर टाकतो ते, सांगावी लागते, आणि अल्युमिनाची एकूण उत्सर्जकता वेगळी असते, कॅमेरा ज्या पट्ट्यात बघतो तिथली वेगळी. भरायला हवी होती दुसरी, भरली पहिली. तापमान फुगलं, आणि उत्सर्जन तापमानाच्या चौथ्या घाताने वाढतं, त्यामुळे उष्णता त्याहून फुगली. ती दुरुस्ती केली की जास्तीची उष्णता जवळपास उरत नाही.

हे कुणी शोधलं? तुम्हीच. आणि इथे मला दोन्ही पंगतींना मनापासून शाबासकी द्यायची आहे, कारण ती कुणी देत नाही. संशयी लोकांतल्या जाणत्यांनी गणित मांडलं. मार्टिन फ्लाइशमन मेमोरियल प्रोजेक्ट या स्वयंसेवकांच्या गटाने, जे मनाने उत्साहीच होते, तसाच नळीचा सांगाडा बनवला, आत काहीही न भरता तापवला आणि चुकीची उत्सर्जकता भरली की रिकाम्या नळीतूनही 'जास्तीची' उष्णता दिसते हे दाखवलं. पदरचे पैसे घालून, आपल्याच आवडत्या बातमीवर पाणी ओतलं. एखादी भजनी मंडळी मूर्तीचं वजन करायला स्वतः काटा घेऊन बसावी, तसं. या विषयात मला आशेचा एकमेव किरण दिसला असेल तर तो त्या रिकाम्या नळीत.

पण मग आपण काय केलं? पुन्हा माणसाकडे वळलो. संशयी मंडळी रोसींची जुनी प्रकरणं उगाळत बसली, उत्साही मंडळी त्यांच्या डोळ्यांतला प्रामाणिकपणा वाचत बसली. माणसाच्या पूर्वायुष्यावरून पाणी उडालं की नाही ते ठरत नाही, आणि डोळ्यांवरूनही नाही.

माझा एक जुना अनुभव सांगतो. कारखान्यात एकदा एक विक्रेता आला. बगॅसवर फवारायचं काहीतरी द्रावण, म्हणे सरपण 8 टक्के वाचतं. एक आठवडा चाचणी. खरोखर वाचलं! संचालक मंडळ खूश, आणि कागदावर पहिली सही माझी. नंतर प्रयोगशाळेची रोजची वही चाळताना दिसलं की त्या आठवड्यात ऊन कडक पडल्याने बगॅसमधला ओलावा 50 वरून 47 टक्क्यांवर आला होता. कोरडं सरपण चांगलं जळतं, एवढंच. विक्रेता लबाड नव्हता, त्याने स्वतःच्या घरचे पैसे त्या धंद्यात घातले होते. आणि ती वही माझ्याच कपाटात होती, सही करण्याआधीही. मी उघडली नाही, कारण मला वाचवायचं होतं ना सरपण. त्या दिवसापासून फसवणुकीचा आरोप करायला मी फार कचरतो. माणसाला हवं असलं की ऊनसुद्धा द्रावणाच्या नावावर जमा होतं.

डोरलचं प्रकरण मी लांबवत नाही, ते तुम्हा सर्वांना पाठ आहे. अमेरिकेतल्या इंडस्ट्रियल हीट कंपनीने रोसींना आधी 1 कोटी 15 लाख डॉलर दिले. फ्लोरिडात डोरलच्या गोदामात त्यांच्या 1 मेगावॅटच्या यंत्राची वर्षभराची चाचणी यशस्वी ठरली तर आणखी 8 कोटी 90 लाख द्यायचे होते. ते मिळाले नाहीत म्हणून रोसींनी एप्रिल 2016 मध्ये दावा लावला. जुलै 2017 मध्ये दोन्ही बाजूंनी तडजोड केली. निवाडा झाला नाही, त्यामुळे कोण खरं हे कोर्टाने सांगितलेलं नाही. पण दाखल झालेले कागद आपण सर्वांनी वाचले. त्यात कंपनीच्या इंजिनीअरने विचारलेले प्रश्न आहेत, आणि ते वाचताना मला कारखान्यात परत गेल्यासारखं वाटलं. दिवसाला 36,000 किलो पाणी, दुसऱ्या दिवशी 36,000, तिसऱ्या दिवशी 36,000. वाफेचा दाब 0. आमच्याकडे लॉगबुकात सलग तोच आकडा आला की चीफ इंजिनीअर आधी ऑपरेटरचे डोळे तपासायचे, रात्री झोपला होता का म्हणून. आणि 1 मेगावॅट म्हणजे तासाला दीड टन वाफ! ती दिवसरात्र एका बंद गोदामात जिरते कुठे? वरच्या मजल्यावर उष्णता बाहेर टाकायची सोय होती असं रोसींच्या बाजूने सांगितलं गेलं. असेलही. पण तुमच्यातल्या उत्साही मंडळींनी वर्षभर 'चाचणी चालू आहे' याचा जप केला, त्यात 'उष्णता जाते कुठे' हा प्रश्न किती जणांनी विचारला? बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी; तेलाचे भाव कोसळल्यावर आखाती देशांचं काय होईल यावर मात्र तेव्हा रकानेच्या रकाने भरत होते.

आता संशयी पंगतीकडे. मी हल्ली तुमच्यातच मोडतो, म्हणून जरा जास्त बोलतो.

1 मे 1989 ला बाल्टिमोरमध्ये अमेरिकन फिजिकल सोसायटीच्या सभेत स्टीव्हन कूनिन या भौतिकशास्त्रज्ञांनी पॉन्स-फ्लाइशमन यांची अकार्यक्षमता आणि कदाचित भ्रम, असे शब्द भर सभेत वापरले. नेथन लुइस या रसायनशास्त्रज्ञांनी त्याच सभेत कॅलरीमोजणीतल्या, म्हणजे उष्णता मोजण्यातल्या, चुकांची जी चिरफाड केली, ती कामाची होती. ती कष्ट करून, प्रयोग लावून केली होती. पण लोकांच्या लक्षात काय राहिलं? भ्रम. त्यानंतर तरुण संशोधक या विषयापासून असे पळाले की उरले ते निवृत्त, हट्टी आणि श्रद्धाळू. ते एकमेकांचेच निबंध वाचू लागले. बाहेरचा कुणी येऊन काटा तपासेना. आणि ज्या घराकडे शेजारी फिरकत नाही तिथे विक्रेते शिरतात, हे काय मी सांगायचं?

म्हणून गूगलने केलेलं काम मला आवडलं. 2015 पासून तीसेक संशोधक, 1 कोटी डॉलर, निरनिराळी विद्यापीठं, फारसा गाजावाजा नाही. मे 2019 मध्ये 'नेचर'मध्ये छापून आलं की पुरावा सापडला नाही. सोबत हेही लिहिलं की पॅलेडियममध्ये पुरेसा ड्युटेरियम भरणंच किती कठीण आहे आणि वाटेत चांगले कॅलरीमीटर कसे तयार झाले. त्या दिवशी तुम्ही 'आम्ही सांगतच होतो' म्हणालात. हो, सांगत होतात. मोजत नव्हतात. 'अशक्य आहे' हे तुमचं वाक्य बहुधा बरोबरच आहे, पण ते मोजमाप नव्हे. तीच चूक, फक्त आपल्या सोयीच्या बाजूने.

आणि उत्साही मंडळींनी 2025 च्या ऑगस्टमधली बातमी उगीच डोक्यावर घेऊन नाचू नये. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या गटाने विजेच्या जोरावर पॅलेडियममध्ये जास्त ड्युटेरियम भरला, तेव्हा फ्यूजनचं प्रमाण सरासरी 15 टक्क्यांनी वाढलं. पण तिथे प्लाझ्मातून, म्हणजे विद्युतभारित वायूतून, ड्युटेरियमचा मारा होत होता, न्यूट्रॉन मोजून घेतले होते, आणि निघालेली ऊर्जा 1 वॅटच्या अब्जांशाच्या आसपास होती. सुंदर काम आहे, तुमच्या बरणीतलं नाही. अमेरिकी सरकारच्या आर्पा-ई संस्थेने 2023 मध्ये या विषयातल्या आठ प्रकल्पांना मिळून 1 कोटी डॉलर दिले, तेही 'बघा, सरकारने मान्य केलं' म्हणून मिरवू नका. तपासायला पैसे देणं म्हणजे मान्य करणं नव्हे. आमच्या कारखान्यानेही त्या द्रावणाच्या चाचणीला पैसे दिले होते.

तर मागणं काय?

पुढचं प्रात्यक्षिक कधीतरी जाहीर होणारच. यंत्राचं नाव नवं असेल, आकार आणखी लहान असेल, दाखवणारा नवा असेल किंवा तोच. त्या दिवशी दोन्ही पंगतींनी मिळून एकच गोष्ट मागायची: 500 लिटरची टाकी. गच्चीवर असते ती काळी प्लॅस्टिकची चालेल, बाहेरून थर्मोकोल गुंडाळा. तीत थंड पाणी भरा, वजन करा, तापमान लिहा. यंत्राच्या नळीचं तोंड पाण्यात बुडवा. वाफ येवो, पाणी येवो, थेंब येवोत की गुळण्या, सगळं त्या टाकीत जाऊ द्या. कोरडी की ओली हा वादच नको. जे येईल ते टाकीत थंड होईल आणि आपली उष्णता तिथेच ठेवून जाईल. तासाभराने ढवळा, पुन्हा तापमान, पुन्हा वजन. 12 किलोवॅट असेल तर टाकी 20 अंशांनी चढते. पावणेदोन असेल तर 3 अंशांनी. 3 आणि 20 यातला फरक ओळखायला प्राध्यापक लागत नाही, त्यात हात घालून कळतो. मग तेच यंत्र आतली भुकटी काढून, रिकामं, तितकीच वीज देऊन, पुन्हा तासभर. विजेचा मीटर दाखवणाऱ्याचा नको, आपण आणू. भिंतीतल्या प्लगपाशी लावायचा.

दाखवणारा म्हणेल, माझं यंत्र नाजूक आहे, नळी पाण्यात बुडवली तर मागे दाब येईल. मग मध्ये तांब्याचं वेटोळं टाका आणि वेटोळं टाकीत ठेवा. आमच्या हातभट्टीवाल्यांनासुद्धा ते जमतं. म्हणेल, गुपित फुटेल. टाकीला यंत्राच्या पोटात काय आहे ते कळत नाही. म्हणेल, आमच्या ग्राहकाने आधीच तपासलंय. तेव्हा उत्साही मंडळींनी गप्प बसायचं नाही आणि संशयी मंडळींनी हसायचं नाही. पुन्हा म्हणायचं, टाकी.

लुगानोच्या रिकाम्या नळीचं काम ज्यांनी केलं, त्यांना माझा वेगळा नमस्कार कळवा. आणि टाकीच्या मापाचा, वेटोळ्याच्या लांबीचा, थर्मोकोलच्या जाडीचा हिशोब कुणाला हवा असेल तर करून देतो. गुडघ्यांमुळे प्रवास होत नाही, पण हाताने गणित अजून होतं. यंत्र किती किलोवॅटचं असल्याचा दावा आहे आणि पाणी मिनिटाला किती जातं, एवढं मात्र आधी लिहून पाठवा.

तुमच्यातलाच एक,
साखर कारखान्याच्या बॉयलर हाउसमधून निवृत्त